विहीर आणि नळ एकाच पाइपवर आहेत, एनआरव्ही बसवला की भागेल का?

खळ्यातून

घर सिंधुदुर्गात, खाडीपासून दोनशे-अडीचशे मीटरवर. खाली आम्ही राहतो, वर पाहुण्यांच्या चार खोल्या. नगरपरिषदेची १५ मिमीची नळजोडणी आहे, पाणी सकाळी तासभर येतं. परसात विहीर आहे. मार्चनंतर तिचं पाणी मचूळ होतं, पण आटत नाही.

आत्ताची पाइपलाइन अशी: मीटरनंतर २० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. मीटरला लागूनच एक बाहेरचा नळ. पुढे पहिला टी (तीन तोंडांचा जोड) स्वयंपाकघराला, तिथून तोच पाइप भिंतीवरून गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीला, तळातून आत. टाकीतलं पाणी खाली यायलाही तोच पाइप. विहिरीचा अर्धा एचपीचा पंप दुसऱ्या टीला जोडलेला आहे, मध्ये एक गेट व्हॉल्व्ह. नळ गेला की तो व्हॉल्व्ह उघडून पंप चालू करायचा, अशी पद्धत. टाकीतलं पाणी मीटरपेक्षा साधारण ७ मीटर उंच असेल.

आता नोटीस आली आहे: विहीर आणि नळ यांची जोडणी वेगळी करा, नाहीतर कनेक्शन तोडू. प्लंबरचं म्हणणं, मीटरपुढे एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकला की काम झालं, फोडाफोड नको.

एवढ्यावर भागतं का? नियम नक्की काय सांगतो? आणि कमीत कमी फोडून हे नीट कसं करायचं?

रायझर

नाही भागत. आणि हे कुणाचं मत नाही, कोडातच लिहिलेलं आहे. इमारतींच्या पाणीपुरवठ्याचं भारतीय मानक आयएस २०६५ आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ९, दोन्हींचा सूर एकच आहे: पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि अशुद्ध किंवा खात्री नसलेल्या पाण्याचा पाइप यांची कसलीही जोडणी असता कामा नये. पुढे हेही स्पष्ट केलेलं आहे की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा बंद करून सील केलेला व्हॉल्व्ह म्हणजे जोडणी नसणं, असं मानलं जाणार नाही. तुमचा गेट व्हॉल्व्ह आणि प्लंबरचा एनआरव्ही, दोघांचाही निकाल या एका वाक्यात लागतो.

ही मानकं मुळात शिफारशीच्या स्वरूपाची असतात, म्हणून "तो कायदा थोडाच आहे" असं ऐकायला मिळेल. पण राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे २०२० ची यूडीसीपीआर, पाणी आणि ड्रेनेजच्या कामाला इमारत संहितेचा भाग ९ लावते. शिवाय प्रत्येक नगरपरिषदेचे पाणीपुरवठ्याचे उपविधी असतात आणि कनेक्शन तोडण्याचा अधिकार त्यातून येतो. नोटिशीत कोणत्या उपविधीचा उल्लेख आहे ते बघा आणि पाणी विभागातून त्याची प्रत घ्या. शहराशहरात तपशील वेगळे असतात.

आता एनआरव्ही का चालत नाही ते तुमच्याच आकड्यांवर बघू. टाकीचा पाइप तळातून आत जातो, म्हणजे ७ मीटरचा पाण्याचा खांब, जवळपास ०.७ बार, त्या एनआरव्हीच्या पाठीवर दिवसाचे २३ तास उभा राहणार. समोरच्या बाजूला रस्त्यातली लाइन रिकामी, दाब शून्य. एनआरव्हीच्या सीटवर (झडप जिथे टेकते त्या कडेवर) वाळूचा एक कण अडकला आणि १ मिमी व्यासाएवढी फट राहिली, तर ७ मीटरच्या दाबाने तासाला साधारण २० लिटर पाणी मागे जातं. २३ तासांत साडेचारशे लिटर. तुमच्या विहिरीचं पाणी, मीटरमधून उलटं, गावाच्या लाइनीत. आपल्याकडच्या लाइनीत जांभ्याची तांबडी माती आणि जीआयचा गंज इतका असतो की कण अडकणार का हा प्रश्नच नाही, कधी अडकणार एवढंच.

आत्ता तर एनआरव्हीसुद्धा नाही. पंप चालू असताना नळाचा कॉक उघडा राहिला तर पंप सरळ गावाच्या लाइनीत पाणी ढकलतो. याला दाबाने होणारा उलटा प्रवाह म्हणायचं. दुसरा प्रकार ओढीने होणारा: लाइनीत पोकळी तयार होते आणि ती तुमच्याकडचं पाणी शोषून घेते. तुमच्या घरात दोन्हीची सोय आहे.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे हवेची फट. नळाचं पाणी उघड्यावरून टाकीत पडलं पाहिजे, पाइपाचं तोंड पाण्याला कधीच टेकता कामा नये. हवेतून पाणी उलटं चढत नाही, त्यात बिघडण्यासारखा एकही भाग नाही आणि ती नुसत्या डोळ्याने तपासता येते. माप: पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी २५ मिमीपेक्षा कमी नाही. १५ मिमीला ३०, २० मिमीला ४०, २५ मिमीला ५०. तोंड टाकीच्या भिंतीला अगदी लागून असेल तर तिप्पट धरा.

पाना_पक्कड

वरचं सगळं बरोबर. आता हाताने करायचं काम.

बाहेरच्या भिंतीला दोन नवे पाइप घेतले तर घरात फोडाफोड फारशी नाही. गच्चीवर दोन टाक्या, दोन पाइप, मध्ये कुठेही गाठ नाही.

१) नळाचं पाणी: मीटर, मग एक बॉल व्हॉल्व्ह, मग थेट खाली ठेवलेल्या टाकीत. तासभराच्या पुरवठ्यात १५ मिमीच्या जोडणीतून मिनिटाला ८ ते १० लिटर आले तरी दिवसाला ५०० ते ६०० लिटर होतात, म्हणजे १००० लिटरची टाकी पुरे. त्या टाकीतून वेगळा अर्धा एचपीचा पंप, वर नळाच्या पाण्याची टाकी. पंप या टाकीला लावायचा, मीटरनंतरच्या पाइपाला कधीच नाही.

२) विहिरीचं पाणी: विहिरीच्या पंपापासून स्वतंत्र पाइप, गच्चीवर स्वतंत्र टाकी, स्वतंत्र उतरती लाइन.

३) जुना चढता पाइप दोन्ही टोकांना कापून प्लग मारा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका. दोन वर्षांनी कुणीतरी "हा कशाला बंद आहे" म्हणून उघडतोच.

४) खालच्या आणि गच्चीवरच्या, सगळ्या टाक्यांना पाइप वरून आत घ्या. टाकीच्या बाजूला वरच्या भागात भोक, टँक निपल, आत बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या चेंडूने बंद होणारा नळ). त्याच्या तोंडाची खालची कड आणि ओव्हरफ्लोची पातळी यांत २० मिमी पाइपाला किमान ४० मिमी. ही पातळी म्हणजे ओव्हरफ्लोच्या भोकाची खालची कड नव्हे. ओव्हरफ्लो भरून वाहत असताना पाणी जिथवर चढतं ती. म्हणून ओव्हरफ्लोचं भोक चांगलं खाली घ्या, ७०-८० मिमीचा फरक ठेवा, निवांत. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्यापेक्षा मोठा, २० ला ४०. तोंडाला डासाची जाळी. आणि त्याचं दुसरं टोक गटारात बुडवायचं नाही, गटाराच्या वर मोकळं सोडायचं. नाहीतर पावसाळ्यात गटार भरलं की तिथूनच उलटं सुरू.

एक गोष्ट दहातल्या पाच टाक्यांत सापडते. बॉल कॉकमधून पाणी पडताना रात्री आवाज येतो म्हणून त्याच्या तोंडाला हातभर पाइप लावून तो तळापर्यंत सोडलेला असतो. आवाज थांबतो, पण हवेची फट गेली. ते तोंड आता कायम पाण्याखाली. लाइनीत ओढ बसली की टाकी तळापर्यंत रिकामी. टाकीचं झाकण उघडून आधी तेच बघा, आणि असेल तर कापून टाका. वरच्या बाजूला ६ मिमीचं भोक पाडलं तर हवा शिरून ओढ तुटते असं सांगतात, आणि तुटतेही, पण त्या भोकात शेवाळ बसायला एक पावसाळा पुरतो.

पाइपाबद्दल: खाऱ्या हवेत जीआयचे आटे आधी जातात, पाइप वरून धडधाकट दिसतो आणि सॉकेटमध्ये कुजलेला असतो. नवीन काम सीपीव्हीसीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपात, करा. उन्हातल्या भिंतीवर तो कडक होऊन तडकतो, म्हणून रंग मारा. रंग मारायचाच आहे तर नळाच्या पाइपाला निळा आणि विहिरीच्या पाइपाला दुसरा कुठलाही, आणि टाक्यांवर ब्रशने "नळ" आणि "विहीर" असं मोठ्या अक्षरात. पुढचा प्लंबर तुम्हाला विचारून टी मारणार नाही. क्लॅम्प प्लॅस्टिकचे, स्क्रू स्टेनलेसचे.

नारळीपोफळी

सगळे विहिरीवर बोलताहेत. त्यांच्या वर्णनातली सर्वांत वाईट जागा मला ती वाटते, मीटरला लागून असलेला बाहेरचा नळ. ताई, परसात कलमं किंवा पोफळी आहेत का? आणि फवारणीचं पिंप त्याच नळाला होज लावून भरतात का?

खळ्यातून

हो. वीस-बावीस हापूस आणि थोड्या पोफळी. २०० लिटरचं पिंप आहे, होज आत सोडून ठेवतात आणि भरलं की नळ बंद करतात. औषध कधी आधी घातलेलं असतं, कधी नंतर.

नारळीपोफळी

मग हे आजच थांबवा, पाइपलाइनचं काम व्हायची वाट बघू नका.

काय होतं ते बघा. होजचं टोक पिंपात बुडालेलं, नळ उघडा, सकाळचा पुरवठा संपला. तुमचं घर चढावर आणि खाडीकडची वस्ती दोन-तीन मीटर खाली. तिथे कुणाचा तरी नळ उघडा असतोच. लाइनीतलं पाणी उताराने तिकडे निघालं की मागे पोकळी होते आणि ती होजमधून पिंप ओढते. १५ मीटरचा अर्धा इंची होज आणि २ मीटरचा उतार धरला तर हिशेबाने मिनिटाला ५ ते ८ लिटर. पाऊण तासात पिंप रिकामं. माणूस परत येऊन म्हणणार, पिंपाला भोक पडलंय वाटतं.

पोफळीच्या कोळेरोगाला मारतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण घ्या: १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. लिटरला साधारण अडीच ग्रॅम तांबं होतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे लाइनीत गेलेलं एक लिटर बोर्डो त्या मर्यादेत आणायला पन्नास हजार लिटर पाणी लागेल. बोर्डो निळं असतं, निदान नळातून आलं तर दिसेल तरी. मोहोराच्या वेळची तुडतुड्यांवरची कीटकनाशकं पाण्यात मिसळली की दुधाळ होतात आणि लाइनीत विरळ झाली की दिसतही नाहीत.

उपाय सोपा आहे. १५ मिमी जीआयचा एक उलटा यू करा, पिंपाच्या काठावर आकड्यासारखा अडकेल असा, पण आतलं तोंड काठाच्या वर ५० मिमी राहील असा. होज त्याला जोडायचा. तोंड काठाच्या वर असलं की पिंप ओसंडून वाहिलं तरी पाणी तोंडाला लागत नाही. आणि क्रम ठरवून टाका: आधी पाणी पूर्ण भरायचं, होज काढून गुंडाळायचा, मग औषध. बोर्डो वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत कालवायचं, लोखंडाच्या भांड्यात कधीच नाही, मोरचूद लोखंड खातो.

त्याहून बरं म्हणजे मीटरजवळचा तो नळ काढून प्लग करा आणि परसाला विहिरीच्या लाइनवरून नळ द्या. फवारणीला मचूळ पाणी चालत नसेल तर निळ्या टाकीतून, म्हणजे निळ्या पाइपावरच्या नळाच्या टाकीतून, बादलीने आणा.

कोपऱ्यावरचा

राईचा पर्वत करताहेत सगळे. बाहेरच्या देशात होजच्या नळाला छोटा व्हॅक्यूम ब्रेकर (ओढ बसली की हवा आत घेणारा तुकडा) बसवतात, ऑनलाइन मिळतो, हाताने फिरवून लागतो. मीटरजवळ दोन एनआरव्ही पाठोपाठ टाकले की डबल चेक झाला. एवढं पुरे आहे, दोन टाक्या कशाला?

रायझर

व्हॅक्यूम ब्रेकर वाईट नाही, पण त्याच्या अटी वाचा. साधा वातावरणीय प्रकारचा ब्रेकर फक्त ओढीवर चालतो. मागून पंपाचा दाब आला तर तो काहीच करत नाही. त्याच्या पुढे बंद करता येणारा नळ किंवा बंदूक लावायची नाही, आणि तो सलग १२ तासांपेक्षा जास्त दाबाखाली ठेवायचा नाही, नाहीतर आतली चकती वरच्या सीटला चिकटून बसते आणि हवा आत घ्यायच्या वेळी सुटत नाही. शिवाय तो पुढच्या सगळ्यांत उंच तोंडापेक्षा किमान १५० मिमी वर हवा. तुम्ही होज धरून माळ्यावर चढलात की ही अट मोडली. परसातल्या नळाला जादा संरक्षण म्हणून लावा, हवेच्या फटीऐवजी नको.

डबल चेकबद्दल: जिथे ते वापरतात तिथे मधल्या भागात टेस्ट कॉक असतात आणि दरवर्षी गेजने चाचणी होते. शिवाय तो कमी धोक्यासाठीच मानतात. कीटकनाशक किंवा सांडपाण्याच्या धोक्याला तिथेही तो चालत नाही, तिथे हवेची फट नाहीतर मध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेला आरपीझेड लागतो. आपल्याकडे ते दोन एनआरव्ही भिंतीत गाडले जातील आणि पुन्हा कुणी बघणार नाही.

दोन टाक्या कशाला, याला एक जुनं उत्तर आहे. १९३३ मध्ये शिकागोतल्या दोन हॉटेलांत पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गल्लत झाली, आमांशाची साथ आली आणि ९८ माणसं गेली. त्या वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन होतं. पाहुणे आजार घेऊन आपापल्या गावी गेले, त्यामुळे मूळ सापडायलाच वेळ लागला. ज्यांच्याकडे पाहुणे उतरतात त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

एक एनआरव्ही मात्र मीटरनंतर जरूर टाका, पितळी, स्प्रिंगचा. टाकीत हवेची फट ठेवल्यावर तो दुसरी फळी म्हणून. बाण प्रवाहाच्या दिशेने, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड), म्हणजे काढून धुता येतो. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा. टेपचा तुकडा सुटला की तो थेट सीटवर जाऊन बसतो, आणि नवा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी गळतो.

खळ्यातून

खूप उपयोग झाला. तीन शंका राहिल्या.

सकाळी दाब इतका कमी असतो की जमिनीवरच्या टाकीच्या वरच्या भोकापर्यंत पाणी चढेल असं वाटत नाही. टाकी पुरून ठेवू का? दुसरं, वरच्या बाथरूममध्ये गिझर आणि वॉल मिक्सर आहेत, तिथे कुठलं पाणी द्यायचं? आणि मे महिन्यात नळ तीन-तीन दिवस येत नाही, तेव्हा विहिरीचं पाणी नळाच्या टाकीत घ्यायला मध्ये एखादा व्हॉल्व्ह ठेवला तर?

पाना_पक्कड

पुरू नका. खाडीकाठी पावसाळ्यात भुईतलं पाणी वर येतं, आणि रिकामी १००० लिटरची टाकी त्याच्यावर एक टनाच्या जोराने तरंगायला बघते. पाइप उपटून वर येते, किंवा दबून चेपते. सिमेंटची भूमिगत टाकी असेल तर तडे आणि झाकण, या दोन वाटांनी बाहेरचं पाणी आत. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठच पाण्याखाली होती, अशा वेळी जमिनीलगतच्या झाकणाची टाकी म्हणजे गटाराचाच भाग. शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल तर आणखी वाईट, जांभा छिद्राळ असतो, पाणी अडत नाही.

त्यापेक्षा बुटकी, पसरट टाकी घ्या, लॉफ्टवर ठेवतात तशी. ५०० लिटरच्या दोन, तळाजवळ जोडलेल्या. वीतभर उंच जांभ्याच्या चौथऱ्यावर ठेवल्या तरी पाणी आत पडायची उंची मीटरच्या आत राहते. तेवढाही दाब नसेल तर दोष तुमच्या टाकीचा नाही. रस्त्यात कुणीतरी लाइनीला डायरेक्ट मोटर लावली असणार, किंवा जोडणीचा फेरूल (रस्त्यातल्या लाइनीला तुमचा पाइप जिथे जोडलाय तो तुकडा) गंजून बुजला असेल. फेरूल बघायला नगरपरिषदेचा माणूस बोलवा, रस्ता स्वतः खणू नका.

दाब कमी म्हणून खड्डा करून नळ खाली घेणं, हे मात्र अजिबात नको. कंबरभर खड्डा, तळाशी तोटी, आणि भोवती साचलेलं पाणी. त्यात बादलीतलं सांडतं, पावसाचं येतं, बेडूक असतात. नळ आला तेव्हा तोटी उघडली, गेला तेव्हा बंद करायची राहिली, की सगळा खड्डा लाइनीत. सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं येणारं गढूळ, वासाचं पाणी बऱ्याचदा असल्याच खड्ड्यांतून आणि गटारात बुडालेल्या गळक्या सांध्यांतून रात्रभर शोषलेलं असतं. ते झाडांना घाला, टाकीत घेऊ नका. मीटरनंतरच्या बॉल व्हॉल्व्हच्या आधी एक छोटा नळ त्यासाठीच ठेवा, पण आट्याचा नको, होज लागणार नाही असा.

डायरेक्ट मोटरही याच माळेतली. ती लाइनीत पोकळी करते, आणि शेजाऱ्याच्या पिंपातला होज, गटारातला सांधा, जे मिळेल ते ओढते. पकडली तर जप्त होते, ते योग्यच आहे.

रायझर

वॉल मिक्सरचा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण तिथे लपलेली जोडणी असते. समजा थंड पाणी नळाच्या टाकीतून दिलं आणि गिझरला विहिरीचं. मिक्सरच्या आत दोन्ही पाइप एकत्र येतात. पुढची तोटी बंद ठेवून मागचे दोन्ही नॉब उघडे राहिले, शॉवरच्या हातातल्या बटणाने पाणी थांबवलं की असंच होतं, तर ज्या टाकीची पातळी उंच तिचं पाणी दुसरीत जातं. सगळी पाइपलाइन वेगळी करून शेवटी शॉवरमध्ये एक झाली. म्हणून एका बाथरूमला थंड आणि गरम दोन्ही एकाच टाकीतून द्या.

खाऱ्या पाण्याने गिझरची कॉइल आणि टाकी लवकर जाते, तेव्हा पाणी पुरत असेल तर बाथरूमचे शॉवर आणि बेसिन नळाच्या टाकीवर, आणि फ्लश, हेल्थ फॉसेट, बाहेरचे नळ विहिरीच्या टाकीवर. पुरत नसेल तर बाथरूम अख्खं विहिरीवर आणि स्वयंपाकघर तेवढं नळावर. पाहुणे बेसिनवर दात घासतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात विहिरीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालणं आलंच. हेल्थ फॉसेट मात्र कोणत्याही परिस्थितीत नळाच्या सरळ लाइनवर नको. त्याचं तोंड कमोडमध्ये पडून राहतं, यापुढे काय सांगायचं.

मधला व्हॉल्व्ह नको. बंद व्हॉल्व्ह म्हणजे जोडणी नाही असं नाही, वर लिहिलंच आहे. मे महिन्यासाठी विहिरीच्या पंपाचा एक फाटा खालच्या टाकीच्या झाकणाच्या वर आणून सोडा, त्याचीही हवेची फट नळाच्या पाइपाएवढीच. पाणी टाकीत पडेल, पण तिथून रस्त्यातल्या लाइनीत जाऊ शकणार नाही. टँकर आला तरी त्याचा पाइप झाकणातून वरूनच धरायचा, आत सोडायचा नाही. त्या दिवसांत निळी टाकी विहिरीच्या दर्जाची झाली हे घरच्यांना माहीत हवं.

नारळीपोफळी

काम झाल्यावर टाक्या धुऊन निर्जंतुक करून घ्या, म्हणजे जुन्या पाइपातली घाण नव्यात राहणार नाही.

गोणीत राहून टीसीएलची ताकद उतरते, २५ टक्के क्लोरिन धरून चला. १००० लिटरला २०० ग्रॅम. आधी प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणीच टाकीत ओता, खालचा चुना फेका. लिटरला ५० मिलिग्रॅम होतं. मग प्रत्येक नळ उघडून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. त्या दिवशी कुणी पाणी वापरू नये, नळांना चिठ्ठ्या लावा. सकाळी सोडून द्या, पण संडासाच्या टाकीत नको, तिथले जिवाणू मरतात आणि टाकी चालेनाशी होते. विहिरीकडे आणि कलमांच्या आळ्यातही नको. पुन्हा भरून धुवा.

विहिरीच्या टाकीला रोजचं माप १००० लिटरला अडीच ग्रॅम, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (क्लोरिन तपासायची). त्या लाइनीवरच्या शेवटच्या तोटीला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन मिळालं पाहिजे. ओटीचं द्रावण टाकल्यावर लगेच, दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तोच मोकळ्या क्लोरिनचा, नंतर गडद होतो तो धरायचा नाही. द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी ओतून द्या आणि हात धुवा. जंतूंसाठी एचटूएसची बाटली: खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचा अंश आहे असं समजा.

पाना_पक्कड

जोडणी खरोखर तुटली का हे बघायला मात्र क्लोरिन नको, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. तुमची विहीर मचूळ आहे, ते इथे कामाला येतं.

एप्रिल-मेमध्ये करा, तेव्हा फरक जास्त असतो. सकाळी पुरवठा चालू असताना मीटरजवळच्या नळाचा आकडा लिहून घ्या, मग विहिरीचा. त्या आठवड्यात विहिरीचा फाटा निळ्या टाकीत सोडलेला नसावा. दोन्ही टाक्या भरलेल्या असताना घरातल्या एकेका तोटीखाली पेला धरा: स्वयंपाकघर, प्रत्येक बेसिन, प्रत्येक शॉवर थंड आणि गरम, फ्लशची टाकी, परसातला नळ. निळ्या पाइपावरच्या सगळ्यांना नळाचा आकडा यायला हवा, बाकीच्यांना विहिरीचा.

मग पुरवठा गेल्यावर विहिरीचा पंप चालू करा आणि मीटरकडे बघा. काटा उलटा सरकला तर जोडणी अजून आहेच. न सरकूनही एखाद्या तोटीला दोहोंच्या मधला आकडा आला, तर भिंतीत कुठेतरी जुना टी राहिला आहे. तो त्या तोटीपासून मागे शोधत जायचा.